चालत, की उचलून?

“चालत, की उचलून?”

दार उघडलं की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट हाच प्रश्न. हातात वही, कानावर पेन्सिल. आमच्या भागाचं पाणी सोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून ते व्हॉल्व्हवाले काका. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, ते कुणी कधी वापरलं नाही. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसला, तर तुमचं नशीब फुटकं, एवढंच म्हणेन.

आमची गल्ली गंगेच्या, म्हणजे आमच्या नदीच्या, उतारावर. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की आमच्याकडे पांघरुणं बांधायला सुरुवात होते. मागच्या एका पुरात सगळी गल्ली वर शाळेत गेली आणि अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी मागे राहिली. ती घरात आहे हे रेशनवाल्याला ठाऊक होतं, आरोग्य केंद्राच्या आशाताईंना ठाऊक होतं, मेडिकलवाल्या चाचांनाही ठाऊक होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं नेलं असेल. पाणी ओसरल्यावर तिचं दार काकांनी उघडलं. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी वही सुरू केली.

त्या तिघांना एकत्र बसवून त्यांनी एकच यादी केली. घरापुढे फक्त एक अक्षर. चालत येणाऱ्याला ‘च’, उचलून न्यावं लागेल त्याला ‘उ’. आजाराचं नाव लिहायला साफ नकार. “आजार डॉक्टरला सांगा. मला उचलायचं का नाय, तेवढंच हवं.” काका मूळचे वणीकडचे, शहरात हयात गेली तरी त्यांचं ‘नाय’ काही सुटलं नाही. यादीच्या नकला चार: रेशन दुकानात, मेडिकलमध्ये, आशाताईंकडे आणि तालमीत. उचलणारे पैलवान तालमीतलेच.

पण शब्द पडला ‘उचलून’! आपल्याकडे जित्या माणसाला कोण उचलतं? बायका कानावर हात ठेवायच्या. “अहो, शुभ बोला की!” एकीनं तर तोंडावर दार लावलं. काका पायरीवर बसून राहिले. अर्ध्या तासानं तिनंच चहा आणून दिला आणि हळूच म्हणाली, “सासऱ्यांना उचलून.”

आमच्या दारी आले तेव्हा मी घरीच होतो. आई पडल्यापासून तिचा डावा पाय कामातून गेला होता. पण काकांचा आवाज ऐकून ती चौकटीला धरून उभी राहिली. “चालते मी. कुणाच्या खांद्यावरून जायची वेळ अजून आली नाही.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला खरं माहीत होतं. तरी आईच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणालो, “हो, चालते की.”

त्यांची नजर क्षणभर दाराशी खाली गेली. “बरं,” म्हणाले, आणि लिहून निघून गेले.

त्याच पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं तेव्हा मी सिन्नरला कंपनीत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. आई फोन उचलेना. मिळेल ती बस धरली. रस्त्यात गाड्या अडकलेल्या, आणि माझ्या डोक्यात एकच अक्षर. चारही याद्यांत आमच्या घरापुढे ‘च’ होता, आणि तो मीच घालायला लावला होता. पैलवान ‘उ’ची घरं घेणार आणि आमच्या दारावरून नुसती हाक मारून पुढे जाणार. म्हातारीच्या बंद दाराची गोष्ट मला पाठ होती. बसमध्ये लोकांदेखत रडलो, सांगायला लाज नाही वाटत.

शाळेत पोचलो तर आई बाकावर बसलेली, घोंगडी पांघरून, काकांवर डाफरत होती. “खुर्चीत घालून आणलं मला! वरात काढली सगळ्या गल्लीतून!” शेजारी काका, छातीपर्यंत भिजलेले, धापा टाकत होते. पाण्यात खुर्चीची एक बाजू त्यांनीच धरली होती.

मी आईच्या पायाशी बसलो. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून वही काढली. आमच्या ‘च’शेजारी पेन्सिलीचं एक बारीक टिंब होतं.

“तुझ्या आईच्या चपलांवर धूळ होती,” ते म्हणाले. “किती महिने पायात गेल्या नव्हत्या. माणूस लाजेपायी खोटं बोलतो रे, चप्पल नाय बोलत. आता तरी सांग. चालत, की उचलून?”

“उचलून,” मी म्हणालो. आई पदरानं डोळे पुसत दुसरीकडे बघत राहिली.

काका गेल्या थंडीत गेले. दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी खांदा दिला. उतारावर पाय घसरत होते, तेव्हा खुर्ची धरलेले त्यांचे हात सारखे आठवत होते.

वही आता माझ्याकडे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मी घरोघर फिरलो. शेवटचं घर त्यांचं. दार काकूंनी उघडलं. आता त्या एकट्याच असतात. मी चाचरत तोच प्रश्न विचारला.

काकूंनी चौकट घट्ट धरली. “चालते की मी. मला काय धाड भरलीय?”

मी खाली पाहिलं. काकांच्या चपला अजून तिथेच होत्या, पुसून ठेवलेल्या. शेजारी काकूंच्या, धुळीनं भरलेल्या.

“बरं,” मी म्हणालो. ‘च’ लिहिला, आणि शेजारी पेन्सिलीनं एक टिंब दिलं.