शेंगदाणा तेलातला साहेब

ब्राह्मणपुरीच्या बन्सीलालला एकच गोष्ट खुपायची, लोक त्याला पेंटर म्हणायचे. तीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवली, भिंतींवर ‘शुभविवाह’ लिहिलं, मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले. चित्रकार म्हणून काही कोणी हाक मारली नाही. अशात गावातल्या मोतीबाई पाटलीणबाईंचा निरोप आला. वारलेल्या मालकांचं तैलचित्र करायचंय, पण आधी एक चेहरा काढून दाखव. जमलं तर काम तुझं, नाहीतर शहाद्याहून फोटोच मोठा करून आणू.

झालं! बन्सीलालने फोनवर व्हिडिओ लावला. त्यातला गोरा मास्तर इंग्रजीत बोलायचा, पण हातवाऱ्यांवरून कळत होतं, आधी जुन्या उस्तादाचं चित्र उतरवा. बन्सीलालने दोनशे वर्षांपूर्वीचा एक साहेब निवडला. मागे वादळी ढग, उडालेले केस, गळ्यात पांढरा रुमाल, आणि लग्नात जेवायला कोणी विचारलंच नाही असं तोंड.

मास्तरने वाटीत पिवळं तेल ओतलं. बन्सीलाल तडक स्वयंपाकघरात गेला आणि शेंगदाणा तेलाचा डबा घेऊन आला. तैलचित्र म्हटल्यावर तेल लागणारच की!

“आते त्या सायेबले भजा बी तळीसन दे,” बायको गजराबाई म्हणाली. पण तिचीही सुटका नव्हती. केस कसे उडतात ते बघायला त्याने तिला टेबलफॅनसमोर उभं केलं. ती ओरडली, “मन्ही दाय करपी ऱ्हायनी!”

डाळ करपली. साहेब मात्र सुकेना. आठवडा गेला, तीन गेले. अरे, शेंगदाण्याचं तेल कधी सुकतं का? भज्यांच्या कढईला विचारा! साहेबाच्या कॉलरवर मुंग्यांची रांग लागली, मिशीत एक माशी कायमची राहायला आली. शेवटी मोतीबाई चेहरा बघायला यायच्या आदल्या दिवशी बन्सीलालने घायकुतीला येऊन चित्र मिरची वाळत घातलेल्या पथारीवर नेऊन ठेवलं. ज्या उन्हात एवढी मिरची वाळते, त्यात एक साहेब वाळणार नाही?

दुपारी वावटळ उठली.

साहेब नखशिखांत लाल झाला. गालावर भुकटी, डोळ्यांत बिया. पुसायला जावं तर नाकच पुसलं जाई. बन्सीलाल डोक्याला हात लावून ओट्यावर बसला आणि रडला. थोडं मिरचीमुळे, पण बरंचसं खरंच.

सकाळी मोतीबाई आल्या. चष्मा सरसावून त्यांनी तोंड चित्राजवळ नेलं आणि शिंकल्या. एकदा नाही, सातदा. मग पदर तोंडाला लावून अशा हसत सुटल्या की गजराबाईने पाणी आणलं.

“कोन्हा बी फोटो देखीसन माले आजलोंग शिंक उनी नही,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “तुन्हा हातमा काहीतरी शे, बन्सी. काम तुन्हंच.”

मालकांचा फोटो होता एकच, जुन्या कार्डावरचा, तोही कचेरीचा शिक्का नेमका तोंडावर बसलेला. म्हणून मोतीबाई रोज येऊन सांगायच्या आणि बन्सीलाल काढायचा. या वेळी जवसाचं, सुकणारं तेल होतं. शहाद्याच्या रंगवाल्याने पोट धरून हसून झाल्यावर ते दिलं होतं. नाक झालं, कान झाले, कानावरचे केससुद्धा झाले. राहिले डोळे.

“काकू, मालक बघायचे कसे?”

मोतीबाईंना लग्नानंतरचे दिवस आठवले. घरात सासू-सासरे, दोन थोरले दीर. चारचौघांत बायकोकडे बघायची रीत नव्हती. पुढे थोरले एकेक करून गेले, पण मालकांची सवय काही गेली नाही.

“पन्नास वरीस संसार कया,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यास्नी मन्हाकडे कधी सरळ देखंच नही. तू त्यास्ले मन्हाकडे देखी ऱ्हायनात असा काढ.”

बन्सीलाल उठला आणि त्यांची खुर्ची त्याने चित्राच्या अगदी समोर सरकवली.