आईच्या रेडिओचे चार स्क्रू

आमच्या घरात ढिला स्क्रू कुणाला बघवत नसे. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की विणकरानं ज्याला हाक मारायची तो माणूस. माग दिवसभर थडथडतो, नट सैल होतात आणि वेळीच आवळले नाहीत तर कापडाचं वाटोळं होतं. ही शिकवण ते घरी तर आणतच, पण पाहुण्यांकडंही नेत. चहा येईपर्यंत यजमानांच्या खुर्च्या घट्ट करून ठेवत. मी त्यांचाच मुलगा. आठवीत होतो आणि हात कधी गप्प बसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

रद्दीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातलं चित्र बघून मी घंटी बनवली होती. ती वाजायची, फक्त थांबायची नाही. सेल उपसून काढावा लागे. एवढ्या पुण्याईवर मी स्वतःला इंजिनियर समजत होतो.

आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कन्नड मुलखातलं. आमच्या गल्लीत सगळे तेलुगू नाहीतर मराठी बोलणारे. त्यामुळे तिची कन्नड उरली होती ती सकाळी भाकऱ्या थापताना लावायच्या रेडिओपुरती. स्टेशन लांबचं, आवाज खरखरता. एका सोमवारी मामाचं पत्र आलं. त्याच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग झालं होतं आणि गुरुवारी सकाळी सातला ते लागणार होतं. आईनं पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाली, "आवाज जरा मोठा असता तर."

मला तेवढं पुरे होतं. नळाला पाणी आलं, ती घागरी घेऊन गेली आणि मी रेडिओ उघडला. आत पत्र्याच्या चार चिमुकल्या डब्या, प्रत्येकीच्या डोक्यावर रंगीत स्क्रू. लाल, पिवळा, पांढरा, काळा. आणि चारही ढिले! जॉबरच्या घरात ही अवस्था? मी चारही चांगले गच्च आवळले.

रेडिओ लावला. सोलापूरचं स्टेशन हौदात बसून बोलल्यासारखं आलं. कन्नड स्टेशन आलंच नाही.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवला, "असू दे" म्हणाली आणि बटण बंद केलं. मंगळवारी भाकऱ्या मुकाट्यानं झाल्या. शाळेत माझा पाय इतका हालत होता की गुरुजी म्हणाले, "मोटर बसवलास काय रे पायात?"

शाळा सुटल्यावर रेडिओ बगलेत मारून दुरुस्तीवाल्याकडं गेलो.

"काय केलास ह्येला?"

"ढिले होते म्हणून आवळले."

त्यानं शेजारच्या घड्याळवाल्याला हाक मारली. "ओ, हिकडं या की! पोरानं सगळ्या कॉइलचे स्क्रू आवळून आणलंय!" दोघंही पोट धरून हसले. "कुनाचा रं तू?"

"जॉबरचा."

"तरीच!" मग डोळे पुसत म्हणाला, "ते घट्ट करायचे नसतेत. सुरात लावायचे असतेत. मला शनवारपतुर येळ न्हाय. तूच कर. लोखंड लावू नको, लाकडाची काडी तास. लई हळू फिरव."

"किती फिरवू?"

"कान सांगतोय की."

वडिलांनी आणलेली मागाची एक जुनी लाकडी कांडी फोडून मी तिची काडी तासली. बुधवारी सकाळी बसलो. फिरवलं की शिट्टी, आणखी फिरवलं की नुसती खरखर. कुठंतरी मधे ते स्टेशन होतं, पण हात दरवेळी त्याला ओलांडून पुढं जात होता. शेवटी आई पिठाचे हात पुसून समोर बसली. "मी ऐकते. मी 'तडी' म्हटलं की थांबायचं."

"तडी!" मी पुढं गेलो. "तडी!" पुन्हा पुढं.

"तडी म्हणजे काय रे?"

"थांब." तेवढं कन्नड मला येत होतं.

"मग?"

मग शाळेची वेळ झाली.

गुरुवारी साडेसहालाच बसलो. सात वाजले. वडील पाना घेऊन मागं येरझाऱ्या घालत होते. "एकदा घट्टच करून बघू की!"

"तुमीबी तडी!" आई म्हणाली.

शिट्टी बारीक होत गेली आणि एकदम तिच्यामागून माणसं गाऊ लागली. भजन केव्हाच सुरू झालेलं. हाताला वाटत होतं, अजून एवढंसं फिरवलं तर आणखी स्वच्छ येईल. मी काडी टाकली आणि हात मांडीखाली दाबून बसलो.

सगळ्यांच्या झांजा पडल्यावर एक झांज मागाहून पडत होती. "हाच आमचा," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता डोळे पुसत राहिली.

स्क्रू हलल्यानं सगळी स्टेशनं जागा सोडून सरकली होती, त्यामुळे त्यानंतर त्या रेडिओच्या काचेवरच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही. कन्नड स्टेशन जिथं लागलं तिथं आईनं कुंकवाचं बोट टेकवलं.

परवा कपाट आवरताना रेडिओ सापडला. कुंकू आता तपकिरी झालंय. सहज म्हणून मागचं झाकण काढलं, तर काळा स्क्रू जरा ढिला वाटला. मी नुसतं बोट पुढं केलं होतं.

"तडी," पलंगावरून आई म्हणाली.