फटफटीला बसवलेली शेगडी

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिला माणूस मी, आणि होणाऱ्या व्याह्याचे हात भाजणारा पहिला माणूसही मीच.

पदवीचं आधी सांगतो, कारण ती मी कष्टानं मिळवली आहे. बी.एस्सी., फिजिक्स. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, तिचं प्रमाणपत्र फ्रेम करून गोठ्याच्या भिंतीवर टांगलं होतं. घरात टांगलं तर रस्त्यावरून दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं! त्यामुळे ते प्रमाणपत्र माझ्यापेक्षा आमच्या म्हशींनीच जास्त वाचलं.

आम्ही राहायचो चिकलठाण्यात, आणि मी विज्ञान शिकवायचो शहरातल्या एका शाळेत. शाळा सकाळची. थंडीच्या दिवसांत उजाडता उजाडता जालना रोडनं फटफटीवर निघालं, की विमानतळाच्या मोकळ्या मैदानावरून असा काही वारा यायचा की शाळेत पोहोचल्यावर हँडलची मूठ सोडायला दोन्ही हातांना विनंती करावी लागे. पहिल्या तासाला खडू धरता येत नसे. पोरांना वाटायचं, सर विचार करताहेत.

माय म्हणाली, "शहागंजात हातमोजे मिळतात ढिगानं. घे की एक जोडी."

"माय, हातमोजे कुणीही घालतं," मी म्हणालो. "मी फिजिक्स शिकलोय."

(हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. मायनं ठेवलं होतं.)

त्याच शहागंजात रद्दीवाल्याकडे मला एक परदेशी मासिक सापडलं. त्यात चित्र होतं: बर्फातून चाललेली मोटरसायकल, आणि तिच्या हँडलच्या मुठी विजेवर गरम होणाऱ्या! मी तिथंच ठरवलं. जुन्या इस्त्रीची तार काढली, दोन्ही मुठींवर अभ्रक लावून गुंडाळली, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलं आणि डाव्या मुठीजवळ घरातल्या दिव्याचं असतं तसलं पांढरं बटण तारेनं करकचून बांधलं. बॅटरी अशक्त होती, म्हणून वीज घेतली थेट इंजिनातल्या मॅग्नेटोमधून. मॅग्नेटोचं असं असतं, की इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी वीज जास्त. म्हणजे गाडी हळू, तर मूठ कोमट. गाडी जोरात, तर मूठ गरम. गाडी फारच जोरात, तर... तिथवर मी गेलो नव्हतो. परीक्षेत मात्र हा प्रश्न मी आकृतीसह सोडवून आलो होतो.

पहिल्या दिवशी मी शाळेत गेलो तो नवरदेवासारखा. हळूहळू चालवत, मुठी कुरवाळत.

याच सुमारास आमच्या शकूची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सोयरीक जुळत आली होती. मुलगा अजिंठ्याकडचा, चांगला शिकलेला. मुलानं मुलगी पाहिली होती, मुलीनंही मुलगा पाहिला होता (डोळे खाली ठेवून, पण सगळा पाहिला होता, हे तिनं नंतर सांगितलं). दोघंही राजी. आता फक्त मुलाचे वडील किसनराव घर बघायला येणार होते. घर पसंत पडलं की सुपारी फुटणार, नाही पडलं तर चहा पिऊन उठणार. याआधी एक सोयरीक अशीच चहावर उठली होती. त्यानंतर शकू कितीतरी दिवस जेवायला सगळ्यांच्या मागून बसायची. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं घरात सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं.

दादांनी मला अंगणात उभं केलं.

"परभाकर, स्टँडवरून त्यांना तू आणायचं. अन् ते फटफटीवरचं सोंग काढून टाक."

"दादा, बटण बंद केलंय. बटण बंद म्हणजे विषय बंद."

"काढून टाक म्हणलं मी."

"दादा, सर्किटच तुटलेलं असल्यावर..."

"तुझं सर्किट तुझ्याजवळ ठेव. शकूच्या सोयरिकीत काही वाकडं झालं ना, तर ते प्रमाणपत्र गोठ्यातून उतरवीन."

मी काढलं नाही. बंद बटणावर माझा विश्वास होता.

किसनराव एस.टी.तून उतरले ते धोतर, कोट, डोक्याला फेटा, फेट्यावरून कान झाकणारा मफलर आणि खांद्यावर केळीचा अख्खा घड! पोट असं, की त्यांच्या आधी तेच नमस्कार करायचं.

"राम राम! तुम्हीच का ते बीएस्सी?"

"हो. मीच तो. चला, बसा मागं."

किसनराव थांबले. माझ्याकडं बघितलं, फटफटीकडं बघितलं.

"मागं? बीएस्सी, बैलगाडी असो का फटफटी, आजपर्यंत कासरा दुसऱ्याच्या हातात दिला नाय मी. तुम्ही बसा मागं. घड सांभाळा."

आता मुलाच्या बापाला नाही कोण म्हणणार? मानपान लग्नात सुरू होतो असं लोकांना वाटतं. तो एस.टी. स्टँडवरच सुरू होतो. मी मुकाट्यानं मागं बसलो. आमच्या दोघांच्या मध्ये घड बसला. मी घडाची जागा करत होतो तेव्हा पुढून "हे कशाचं बटण लावलंय?" असं काहीतरी ऐकू आलं, आणि लगेच किक बसली. मी म्हणालो, "हो हो, चला!"

क्रांती चौकापर्यंत सगळं छान चाललं. किसनरावांनी एक हात सोडून धोतरावर पुसला. मग दुसरा. मला वाटलं, काय रुबाबात चालवतोय माणूस! मोंढा नाक्याला पोलिसानं हात आडवा केला, गाडी थांबली. किसनरावांनी मफलर जरा सरकवला आणि मान वळवून हळूच विचारलं,

"बीएस्सी, तुम्हाला ताप आलाय का?"

"नाही."

"मला आलाय. पण फक्त हाताला."

मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. पांढरं बटण खाली दाबलेलं!

मी तोंड उघडलं, पण ते पुढं बोलायला लागले, आणि ते जे बोलले त्यानं माझं तोंड आपोआप मिटलं.

"आमच्या भावकीत एकजण असाच गेला. आधी हात तापले, मग छाती. मला डॉक्टरनं प्रेशर सांगितलंय. तुम्ही घरी बोलू नका हं. आजारी माणूस सोयरिकीला आला, असं नको. घर बघतो, हो म्हणतो, अन् मग मरायचं ते मरतो."

म्हणजे बघा! खरं सांगावं, तर या घरातला शिकलेला पोरगा पाहुण्याला भाजून काढतो हे रस्त्यातच सिद्ध होतं. न सांगावं, तर माणूस आपल्या मरणाची तयारी करतोय. फिजिक्समध्ये यावर एकही सूत्र नाही. मी मधला मार्ग काढला: गुपचूप बटण बंद करायचं. घडाच्या वरून डावा हात घातला, पोटाला वळसा घालू लागलो. पोट संपेना!

"अहो, काय करू ऱ्हायले तुम्ही?"

"काही नाही. धरून बसतोय."

"मागं धरा की कॅरिअरला! गुदगुल्या होतात मला!"

तेवढ्यात पोलिसानं हात काढला. किसनरावांनी मफलर पुन्हा कानावर ओढला आणि मूठ पिळली. आता त्यांना लवकर पोहोचायचं होतं, जीव जायच्या आत. आणि गाडी जोरात, की मूठ गरम! मूठ गरम, की किसनराव घाबरणार! किसनराव घाबरले, की गाडी आणखी जोरात! मी परीक्षेत काढलेली आकृती डोळ्यांपुढं धोतर-फेट्यासह पळत होती.

आकाशवाणी गेली. सेव्हन हिल गेलं. रबराचा वास यायला लागला.

"मूठ सोडा!" मी ओरडलो.

मफलरच्या आत काही पोहोचेना. मी त्यांच्या खांद्यावर थापा मारल्या. त्यांना वाटलं, मी शाबासकी देतोय. त्यांनी आणखी पिळली! शेजारून एक ट्रक चालला होता. आणि मग माझ्याच लक्षात आलं, की भरधाव गाडीवर चालवणाऱ्याला मूठ सोडायला सांगणारा मी एकटाच पदवीधर असेन. मी ओरडणं बंद केलं आणि देवाचं नाव घेतलं. घड छातीशी धरला. विमानतळाचा तो गार वारा, ज्याला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, तो त्या दिवशी जरा जास्त यावा म्हणून मी हात जोडणार होतो, पण हातात केळी होती.

मुकुंदवाडी ओलांडताना किसनराव आळीपाळीनं एकेका हातावर फुंकर मारत होते. फुंकर मारायला मान वाकवली, की गाडीही तिकडं वाकायची. वळणं मी केळीच्या घडानंच दाखवली, आणि आमच्या दारात आम्ही पोहोचलो ते सापासारखे वळवळत.

दारात सगळं सजलेलं. दादा नवी टोपी घालून उभे. माय पाय धुवायच्या पाण्याची बादली घेऊन उभी. शकू दाराआड. दादा "या, या, रामराम!" म्हणत पुढं झाले. पण किसनरावांनी ना दादांकडं बघितलं, ना घराकडं. गाडी माझ्यावर सोडली, धावत गेले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत घातले!

थंडीचे दिवस. पाहुणा मोठा. मायनं पाणी मुद्दाम चांगलं कडक तापवलं होतं.

जो आवाज आला तो ऐकून म्हशीनं दावं तोडलं.

किसनराव तिथून जे सुटले ते थेट गोठ्यापुढच्या हौदावर. जनावरांच्या पाण्यात हात बुडवून, डोळे मिटून, ते माझ्या प्रमाणपत्राच्या बरोबर खाली उभे राहिले. शेजारी सुटलेली म्हैस पाणी प्यायला आली. तिनं जागा दिली नाही, त्यांनीही दिली नाही.

दादा माझ्याजवळ आले. आवाज अगदी हळू होता, म्हणून जास्त भीती वाटली.

"काय केलंस?"

"दादा, बटण..."

"विषय बंद होता ना?"

किसनराव हौदावरूनच म्हणाले, "पाटील, मला माफ करा. माझं काही खरं नाय. माझ्या पोराला निरोप धाडा. सोयरिकीचं काय ते तो बघंल."

झालं! सोयरीक चहाच्याही आधी उठत होती. माय पदर तोंडाला लावून उभी राहिली. मी केळीचा घड या हातातून त्या हातात घेत राहिलो.

तेवढ्यात दाराआडून शकू बाहेर आली. नवी साडी नेसलेली, हातात चहाचा ट्रे नाही, तर कोरफडीचं तोडलेलं पान. सरळ हौदाशी गेली, म्हशीला ढकललं आणि म्हणाली,

"मामा, हात बाहेर काढा. तुम्हाला काही झालं नाय."

"पोरी, प्रेशर हाय मला. हाताला उतरलंय."

"प्रेशर नाय, शेगडी हाय. भाऊनं फटफटीच्या मुठींना इस्त्रीची तार बसवलीय. तुमच्याकडून बटण दाबलं गेलं. ती बघा, अजून धूर निघतोय."

सगळ्यांनी वळून बघितलं. उजव्या मुठीतून एक बारीकशी, अगदी सभ्य धुराची रेघ वर चालली होती.

किसनराव त्या रेघेकडं बघत राहिले. शकू खाली बसून त्यांच्या लाल झालेल्या तळव्यांना कोरफडीचा गर लावत होती.

"म्हणजे," किसनराव म्हणाले, "मी मरत नाय?"

"नाय, मामा."

"अजिबात?"

"आज तर नाय."

मग त्यांचं पोट हलायला लागलं. आधी पोट, मग खांदे, मग फेटा. असं हसू मी आजवर बघितलं नाही. एकदा मेलेला माणूस जिवंत झाल्यावर जसं हसेल तसं. हसता हसता म्हणाले,

"पाटील, घर नंतर बघतो. पोरगी मात्र माझी झाली. घरात सगळे गप्प, अन् ही एकटी खरं बोलली."

दादांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"पण एक अट हाय," किसनराव म्हणाले, आणि दादांचा हात पुन्हा टोपीकडं गेला. "रुखवतात काय मांडायचं ते मांडा. या बीएस्सीनं बनवलेली एक बी वस्तू नको!"

त्याच दुपारी सुपारी फुटली. किसनरावांना ती धरता येईना, म्हणून शकूनं ती त्यांच्या तळहातावर ठेवली. केळी सगळ्यांनी खाल्ली. शेगडी मी संध्याकाळच्या आत उतरवली. दादा शेजारी उभे राहून बघत होते. प्रमाणपत्र मात्र त्यांनी उतरवलं नाही. फक्त गोठ्यात जरा आत सरकवलं, रस्त्यावरून दिसणार नाही इतकं.

लग्नात आमच्याकडच्या सगळ्या मानाच्या मंडळींना किसनरावांनी टॉवेल-टोपी केली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी छाती काढून पुढं गेलो. मला टॉवेल नव्हता, टोपीही नव्हती. होते लोकरीचे हातमोजे, तळव्याला चामडं शिवलेले, शहागंजातून घेतलेले. (कुणी घेऊन दिले ते मायच्या चेहऱ्यावरून कळत होतं.)

"घाला की, बीएस्सी! मांडवाला बघू द्या!" किसनराव ओरडले.

मी घातले. मांडव हसता हसता लोळला. मला वाटलं, हातमोज्यांना हसताहेत. शकूनं पाटावरून खूण केली तेव्हा खाली बघितलं, तर चामडं दोन्ही हातांच्या वरच्या बाजूला आलं होतं. डावा उजव्यात, उजवा डाव्यात! सगळ्या जगात हातमोजे कुणीही घालतं. ते नीट घालायला कमीत कमी एम.एस्सी. लागत असावं.