बाजूनं दोन, वर चार

कटिंगच्या दुकानात बाईमानूस जात न्हाई. आमच्या गुलबर्ग्यात तरी न्हाई, आन् सासरी खजुरीला कुनी आयकलं तर हसून मरंल. पन मी गेलते. आत न्हाई, पायरीवर. सातवा महिना चालू व्हता, पोट हे येवढं, आन् मी दाराच्या चौकटीला हात लावून उभी. आत खुर्चीवर हे बसलेले, गळ्याला फडकं, आरशातून माझ्याकडं बगायलेत आन् लाजायलेत.

मी नववीपर्यंत शिकलेय. लिहायची सवय न्हाई, बोलताना बी मला दम लागतो आन् लिहिताना बी. पन त्या केसाचं मी दोन वरीस कुनाला सांगितले न्हाई, आन् सांगितले ते उशिरा सांगितले, म्हनून लिहायलेय.

हे तुरीच्या डाळ मिलमधी कामाला. तुरीचा भुसा लई बारीक आसतो, पिठावानी. कपड्यातला झटकला की जातो, केसातला जात न्हाई. ह्यांचे केस दाट, वळनाचे, मानेपर्यंत आलेले, आन् त्याला सासूबाईनं लावलेलं तेल. तेलात भुसा बसला की चिकटून बसतो. रोज सांजच्याला हे आले की मी पानी तापवायचे, हे मोरीतल्या दगडावर बसायचे, मी वाकून तांब्यानं पानी घालायचे आन् बोटानं भुसा काढायचे. तरी बी उशी सकाळी पिवळी व्हायची. पयले चार महिने काय वाटलं न्हाई. पोट वाढलं तसं वाकलं की कंबरंत कळ मारायची, डोळ्यापुढं काळं यायचं.

"कापून टाका की हे," मी म्हनायचे.

"आन् अव्वा काय म्हनंल?"

अव्वा म्हंजे ह्यांची आई, मी त्यांना आत्याबाई म्हनते. त्यांना ह्या केसाचं लई कवतिक. हे गावी गेले की आधी पानी बी पीत न्हवते, थेट आत्याबाईच्या गुडघ्यापाशी जाऊन बसायचे. येवढा मोठा बाप्या, मिशीवाला, आन् आईच्या पुढ्यात मान खाली घालून. आत्याबाई शिकेकाईची, पिकाची, गावातल्या भांडनाची सगळी गोष्ट सांगत तेल चोळायच्या. मला हसू यायचं. कदी कदी राग बी यायचा. तेल त्यांनी लावायचं आन् धुवायचं मी.

पाचवा लागला तवा आत्याबाईचा फोन आला. "त्यो फोन उचलत न्हाई बग, मिलमधी आयकू जात नसंल. तू सांग त्याला. आता कटिंग बंद. बायको पोटुशी आसल्यावर नवऱ्यानं डोस्क्याला हत्यार लावायचं न्हाई, लेकरू हातात येईपर्यंत. आमच्यात चालत न्हाई. सांगतीस ना?"

"व्हय आत्याबाई, सांगते."

पयल्या दिवशी इसरले. खरंच इसरले. दुसऱ्या दिवशी आठवलं, पन मी ह्यांच्या डोस्क्यावर वाकलेले व्हते, कंबर मोडायली व्हती, आन् मनात आलं की सांगितलं तर आनखी चार महिने हेच. सांगू उद्या, म्हनले. मग सांगितलेच न्हाई. मला काय वाटलं, जुन्या बायकाचं आसतंच काय न् काय. केस आन् लेकराचा काय संबंध.

तर ते दुकान. हे एकटे जायला तयार न्हवते. कसे कापायचे मला कळत न्हाई, तूच चल, म्हनले. मला वाटतं ह्यांना आईची भीती वाटायली व्हती, कुनीतरी संगं पायजे व्हतं.

"काय वैनी, आत या की, बाहेर कामून?" न्हावी म्हनला.

"हितंच बरंय. तुम्ही कापा."

"कसं कापू? त्या भितीवरल्या फोटोतला कुठला पायजे बोला."

भितीवर पंचवीस-तीस बाप्यांची डोस्की व्हती. "ते कोंबड्याच्या तुऱ्यावानी नको. ते बाजूनं सगळं टक्कल आन् वर झाड, ते बी नको. मला धुवायला सोपं पायजे. तेल लागू नये, कंगवा लागू नये. सकाळी उठले की तसंच कामाला जाता यावं."

"मला पायजे, मला पायजे, म्हनायलीय," हे आरशात म्हनले. "डोस्कं माझं हाय."

"डोस्कं तुमचं, धुते कोन?"

न्हावी येवढा हसला की त्याच्या हातातला कंगवा पडला. मग ह्यांची मान इकडून तिकडून फिरवून बगितला आन् म्हनला, "सगळीकडून एकच नंबर मारला तर कान उघडे पडतील. अण्णाचे कान बी हायत जरा हातभर. आसं करू, मशीननं बाजूनं दोन नंबर, वर चार. महिनाभर बगायचं काम न्हाई." मग मागं गेला आन् वरडला, "अरारा! दोन भोवरे! वैनी, दोन भोवरेवाल्याला दोन बायका असत्यात, ठावं हाय का?"

"एक पायरीवर उभी हाय, तिला आधी घरी न्हेऊ द्या म्हनावं."

मशीन सुरू झालं. केस खाली पडायलेत आन् मी हसायलेय. त्या दिवशी सांजच्याला हे आले, नळाखाली डोस्कं धरले, टावेलनं पुसले, झालं. दोन मिनटं. मी खाटंवर बसून बगत व्हते, पाय पसरून. येवढं बरं मला कवाच वाटलं न्हवतं. आता सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं, त्या बऱ्या वाटन्याचं.

बारा-तेरा दिस गेले आसतील. सकाळी माझ्या पायात चप्पल शिरंना, तोंड सुजलेलं, डोस्कं ठनकायलेलं. ह्यांनी रिक्षा आनली. दवाखान्यात हाताला पट्टा लावून नर्स पळतच गेली. बीपी लई वाढलंय, थांबता येत न्हाई, म्हनले. दुपारी पोट फाडून लेकरू काढले. पोरगी. माझ्या तळहातापेक्षा जरा मोठी, लाल, रडली बी न्हाई नीट. मला दाखवले न दाखवले आन् काचेच्या पेटीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आत्याबाई आल्या. काखेत पिशवी, पिशवीत लेकराला म्हनून जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे. मी खाटंवर पडलेले, टाके वढायलेत. हे माझ्या उशाला उभे. आत्याबाईनं मला बगितलं न्हाई, ह्यांना बगितलं. बगतच राहिल्या.

"हे काय?"

"काय अव्वा?"

"डोस्कं."

"कटिंग केलो. मिलमधी भुसा..."

"कवा?"

"झाले की तेरा-चौदा दिस."

आत्याबाई खाली फरशीवर बसल्या. पिशवी मांडीवर. "आरं मी पाचव्यातच सांगितलते की कापू नको म्हनून. हिला फोन केलते. सांगितली न्हाई का ही तुला?"

ह्यांनी माझ्याकडं बगितलं. मला दिसलं की हे पयल्यांदाच आयकायलेत. सांगायचं व्हतं, एवढंच म्हनायचं व्हतं की न्हाई सांगितले मी. पन मला वाटलं, आता मी बोलले तर ह्या वार्डातल्या बाया मला लेकराची मारेकरीन म्हनतील, पेटीपाशी जाऊ देनार न्हाईत. मी भ्यानं डोळे मिटले.

"सांगितली व्हती," हे म्हनले. "मीच आयकलो न्हाई."

"कामून रे?"

"गरम व्हायलं म्हनून."

"गरम व्हायलं!" आत्याबाईचा आवाज चिरला. "लेकराला पेटीत घालून तू गार झालास व्हय रे!"

हे बाहेर गेले.

नंतर मी डाक्टरीनबाईला इचारले, भीत भीत, की केस कापल्यामुळं झालं का. तिनं माझ्याकडं आसं बगितलं, मग हसली. "कटिंगनं बीपी वाढत असतं तर अर्धं गुलबर्गा हितं भरती झालं असतं," म्हनली. मला पटलं. दिवसा पटतं. पन पोरगी जवा शिंकायची बी ताकद नसल्यावानी पडून राहायची, तवा न्हाई पटायचं.

अठरा दिवसांनी पोरगी पेटीतून बाहेर आली. जगली. आत्याबाईनं तिचं सगळं केलं, माझं बी केलं, मला एक शबुद बोलल्या न्हाईत. ह्यांना तेवढं म्हनल्या, "पोरीचं जावळ व्हईपर्यंत डोस्क्याला कात्री लावायची न्हाई. आता तरी आयक." हे व्हय म्हनले.

दोन वरीस. केस मानेच्या खाली गेले, खांद्यावर आले. मिलमधी सगळे बुवा म्हनायचे, बुवा परसाद द्या, बुवा अंगारा द्या. मशीनच्या पट्ट्यात केस आडकंल म्हनून मुकादमानं बांधायला लावलं, मग हे माझं रबरबँड लावून जायचे, वरून रुमाल. भुसा तसाच. मी पानी तापवून मोरीत गेले की म्हनायचे, "तू नको वाकू. टाके हायत तुझे." टाके कवाच भरले व्हते. पन मला हात लावू दिले न्हाईत. एकटेच बसून घासायचे, अर्धा-अर्धा तास, खोकत.

मला कदीच इचारले न्हाईत, की फोन आलता तर सांगितली कामून न्हाईस. एकदा मीच सुरू केले, "ते आत्याबाईच्या फोनचं..."

"पानी तापलंय का बग," म्हनले.

शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं.

आन् गावी गेल्यावर. पयल्या खेपेला हे सवयीनं आत्याबाईच्या गुडघ्यापाशी जाऊन बसले. मान खाली घातले. आत्याबाईच्या मांडीवर पोरगी व्हती, तिच्या टाळूला तेल लावायल्या व्हत्या. लावतच राहिल्या. वाटी बाजूला ठेवल्या, हात पदराला पुसल्या, आन् उठून चुलीकडं गेल्या. हे तसेच बसलेले. मी दारात. दुसऱ्या खेपेला बी तसंच. तिसऱ्या खेपेपासून हे बसायचेच सोडले. येवढे केस वाढले, आन् आत्याबाईचं बोट त्याला लागलं न्हाई.

पोरीला तिसरं लागलं तवा खजुरीला जावळ काढायचं ठरलं. मी मनाशी पक्कं केलते, न्हावी ह्यांच्या डोस्क्याला हात लावायच्या आधी सांगायचं. बसमधी सगळी वाट तेच घोकत गेले. आत्याबाई, तुम्ही मला सांगितलते. आत्याबाई, तुम्ही मला सांगितलते.

शेतातल्या लिंबाखाली देव हाय, तितं सतरंजी टाकले. माहेराहून, नौबादहून, माझा भाऊ आलता, त्याच्या मांडीवर पोरगी. ती येवढी रडली की न्हावी बी घामाघूम. मागची बाजू काढला आन् थांबला. "हिला बी दोन भोवरे की! बापावर गेलीय."

"मग हिला दोन नवरे का काय?" आत्याबाई म्हनल्या, आन् सगळे हसले, आत्याबाई बी हसल्या, तोंडाला पदर लावून. हे बी हसले. कितीक दिवसांनी मायलेक एकाच गोष्टीला हसले. मला वाटलं, आता कशाला. हे हसू संपू दे, मग सांगू. परत तेच, सांगू मग.

हे सतरंजीवर बसले, रबरबँड काढले. न्हाव्यानं इचारलं, कसं करू?

"त्याला काय इचारता," आत्याबाई म्हनल्या. "त्यो आपल्याच मनाचं करतो. लेकरू पोटात आसताना बी केलाय."

ह्यांनी मान खाली घातली. "बाजूनं दोन मारा, वर चार."

त्या दुकानातल्या न्हाव्याचेच शबुद की ते. मी पायरीवर उभं राहून मागितलेल्या कटिंगचे. हे ध्यानात ठेवलेत. मशीन सुरू झालं, आन् पयली बट सतरंजीवर पडली, वीतभर लांब, आन् मी बोलायलेय हे मला माझ्याच कानानं आयकू आलं. "आत्याबाई तुम्ही मला सांगितलते मी ह्यांना सांगितलेच न्हाई ह्यांना ठावंच न्हवतं कापा म्हनून मीच म्हनले मीच घेऊन गेले."

"काय?" आत्याबाई म्हनल्या. मशीनच्या आवाजात आयकू गेलं न्हाई.

न्हाव्यानं मशीन बंद केलं. मग त्या शांततेत सगळं परत सांगावं लागलं, हळूहळू, एक एक. भाऊ खाली बगायला लागला.

मला वाटलं मारतील. मी तयार व्हते. आत्याबाईनं माझ्याकडं बगितलं बी न्हाई. ह्यांना म्हनल्या, "तू कामून बोललास न्हाई रे?"

"ती खाटंवर व्हती," हे म्हनले.

न्हावी बिचारा मशीन हातात धरून, एक बाजू झालेली, एक बाजू तशीच. "राहिलेले काढू का ठेवू?" म्हनला.

"काढा," हे म्हनले.

काढले सगळे. आत्याबाईच्या हातात पोरीच्या डोस्क्याला लावायची हळद-तेलाची वाटी व्हती. पोरीला लावून झालं. मग त्या ह्यांच्या मागं येऊन बसल्या आन् तेलाची बोटं ह्यांच्या डोस्क्यावर ठेवल्या. चोळल्या जरा. चोळायला काय न्हवतंच. तेल मुरंना, कानामागून ओघळून गळ्यात गेलं, सदऱ्याची पट्टी पिवळी झाली. हे मान खाली घालून बसून राहिले, पयल्यावानी.

आत्याबाईनं सतरंजीवरची एक बट उचलली. दोन हातात धरून सरळ केली. "लई वाढले व्हते की रे," म्हनल्या. "मी बगितलेच न्हाई."

मी पोरीला घेऊन बाजूला उभी. आता ह्यांना परत तीच कटिंग हाय, बाजूनं दोन, वर चार. नळाखाली धरलं की झालं. तेल लागत न्हाई त्याला. मीच तसं मागितलते.