रडका चेहरा आणि खवसे मॅडम

तिगावच्या शाळेतून रिटायर झालेल्या कुंदा खवसे मॅडम पांढुर्ण्यात आमच्या शेजारी एकट्याच राहतात. मुलगी बंगलोरला असते. मॅडमनी मोबाइलवर मिक्सर मागवला, तेव्हा ‘आत्ता घ्या, पैसे नंतर द्या’ हे बटण मोठं आणि रंगीत होतं. लगेच पैसे भरायचं बटण कुठंतरी खाली, पुसट. त्यांनी मोठं दाबलं. मिक्सरचे पैसे केव्हाच फिटले, पण त्या बटणासोबत गळ्यात पडलेल्या, न मागितलेल्या मेंबरशिपचे दर महिन्याला कटतच राहिले.

"योगेश, हे खातं बंद करून दे बरं," त्या परवा म्हणाल्या.

बंद करायची जागा शोधता शोधता माझं डोकं फिरलं. उघडायला एक बोट अन् बंद करायला सात पानं! शेवटी एक रडका चेहरा आला. ‘कुंदाजी, आम्हाला सोडून जाताय?’ खाली हिरवंगार ‘थांबते’, आणि दिसेल न दिसेल असं ‘जाते’.

मी फोन त्यांच्या हातात दिला. मॅडमचं बोट अडलं.

"जाते कसं म्हणू, बापा? आपल्यात निघताना येते म्हणतात."

"मॅडम, ते काय पाहुणे आहेत? लुटून राहिले तुम्हाला!"

"थांबा तर म्हणून राहिले ना."

त्यांनी ‘थांबते’ दाबलं. चेहरा हसला. मी चिडून उठलो.

"चहा ठेवला होता रे."

"राहू द्या, दुकान उघडायचं आहे. येतो, मॅडम."

"सारे येतोच म्हणतात," मॅडम म्हणाल्या.