लपाछपीतलं मेंढरू

अल्लीपुरात आमच्या शेजारी एक नर्सबाई राहायच्या. रविवारची प्रार्थना आटोपली की त्या आम्हा पोरांच्या खेळात शिरायच्या. लगोरी फुटली की म्हणायच्या, "माणूसही असाच कोसळते, प्रभू त्याले पुन्हा रचते." तोवर त्यांच्याच पाठीत चेंडू बसायचा.

एकदा लपाछपीत बाईंवर राज्य होतं. मी कापसाच्या गंजीत लपले आणि तिथंच झोपले. पोरं कंटाळून घरी गेली, पण बाई कंदील घेऊन शोधत राहिल्या. शेवटी त्यांनी मला केसा-नाकातल्या कापसासकट ओढून काढलं, छातीशी धरलं आणि पाठीत धपाटा घातला.

हरवलेलं एक मेंढरू शोधून खांद्यावर घेऊन येणाऱ्या मेंढपाळाची बायबलातली गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली होती. मी रडत म्हटलं, "मेंढपाळानं तर मेंढराले मारलं नव्हतं!"

"तसं लिहिलं नाई," डोळे पुसत बाई म्हणाल्या, "पण मारलंच असन."