शेजारणीचा डबा
लाइट गेली आणि मेणबत्तीचा वास पसरला की मला रुआबांधा वस्तीतल्या शेजारणीची ती खोली आठवते. धर्मांतरबंदीचा नवा कायदा येणार होता आणि त्याविरुद्ध बोलायला तिच्या चर्चचे लोक आमदाराकडे निघाले होते. ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, “भाऊजी, तुमी फक्त संग चला. सांगा का आमी कोनावर जबरदस्ती नाही करत.” “आज माही ड्युटी आहे,” हे म्हणाले. सुट्टी होती त्यांना. रविवारी, तिने केक भरून पाठवलेला डबा रिकामा कसा परत द्यायचा म्हणून मी चिवडा भरून नेला. एरवी रविवारी तिच्या घरी चर्चचे लोक प्रार्थनेला जमले की त्यांची गाणी गल्लीभर ऐकू यायची. त्या दिवशी खिडक्या बंद होत्या, ढोलकी कोपऱ्यात होती, मेणबत्तीभोवती सगळ्यांचे नुसते ओठ हलत होते. मला पाहिलं आणि तेही थांबले. मी दारातूनच परतले. डबा अजून माझ्याकडेच आहे.